राउटर बंद केल्यावरही

दुपारी चारच्या सुमारास सुरू व्हायचं. आधी कपाळाच्या डाव्या बाजूला हलकीशी पकड, मग डोळ्यांच्या मागे दाब, मग मानेतून खाली उतरणारा जडपणा. पाच वाजेपर्यंत अक्षरं डोळ्यांपुढे नाचायला लागायची आणि गालांवर ऊन लागल्यासारखी चुरचुर व्हायची. मी मुद्रितशोधनाचं काम घरून करते. अक्षरं नाचली की माझं काम थांबतं. सुट्टीच्या दिवशी कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, तर यातलं काही म्हणता काही होत नसे.

त्या खोलीत, माझ्या डोक्यापासून दोन हातांवर, नव्या कपाटाच्या फळीवर वायफायचा राउटर होता. त्याचा हिरवा दिवा सतत मिचमिचायचा. एका संध्याकाळी मी वैतागून त्याचं बटण बंद केलं, पलंगावर जाऊन पडले आणि तासाभरात डोकं उतरलं. झालं. त्या संध्याकाळपासून पुढचे चौदा महिने मला माझ्या दुखण्याचं कारण ठाऊक होतं: वायफायच्या लहरी.

त्या चौदा महिन्यांत मी काय काय केलं ते आधी सांगते, कारण या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने यातलं काही ना काही केलेलं असतं. राउटरचं वायफाय बंद करून संगणकाला तार जोडली. कुणाशी बोलायचं नसेल तेव्हा मोबाइल रात्रंदिवस फ्लाइट मोडवर ठेवला. चुंबकीय क्षेत्र मोजणारं एक हातातलं यंत्र घेतलं आणि ते घरभर फिरवलं. त्याचा लाल दिवा लागला की पोटात खड्डा पडायचा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, तो माझ्या खिडकीतून दिसायचा. म्हणून खिडकीच्या काचांना आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावली आणि फटी टेपने बंद केल्या. पलंगावर धातूचे धागे विणलेली मच्छरदाणी टांगली. दर वेळी आठवडाभर बरं वाटायचं आणि मग त्रास आधीपेक्षा वाढून परत यायचा. फॉइल लावल्यानंतर तर चारला सुरू होणारं डोकं सकाळी अकरालाच धरायला लागलं. मला वाटायचं, टॉवरची ताकद वाढवली असणार.

कुणाला सांगायला जावं तर दोनच प्रकारची माणसं भेटायची. एक म्हणायची, हे मनाचे खेळ आहेत. दुसरी लहरींपासून वाचवणारं म्हणून गळ्यात घालायचं पदक विकायची. एका दवाखान्यात तर मी बोलत असतानाच समोरच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मी ते कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि गोळ्या घेतल्याच नाहीत. त्या काळात मला एका गोष्टीचा फार आधार वाटायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या प्रमुख ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांनी २००२ साली जाहीरपणे सांगितलं होतं की मोबाइल जवळ असला की त्यांचं डोकं दुखतं. त्या स्वतः डॉक्टर, नॉर्वेच्या पंतप्रधान राहिलेल्या. त्यांना होऊ शकतं तर मला का नाही?

तिसऱ्या डॉक्टर मात्र वेगळ्या निघाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अजिबात अपेक्षित नव्हता.

"घरात गॅसवर किंवा कोळशावर चालणारं काही आहे का?"

होतं. कामाच्या खोलीला लागूनच न्हाणीघर आहे आणि तिथे गॅसचा गीझर आहे. त्यांनी लगेच फोन उचलून माझ्या नवऱ्याला सांगितलं की तो तपासल्याशिवाय वापरायचा नाही. नीट न जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, थकवा ही त्याची सुरुवातीची लक्षणं, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटतं. "तुमच्या गोष्टीतलं निम्मं वर्णन याला लागू पडतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगितलेल्या सगळ्या कारणांपेक्षा हे कारण जिवावर बेतणारं आहे. म्हणून हे आधी."

गीझर ठीक निघाला. कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आम्ही तरीही बसवला, तो आजही आहे. चौदा महिने मी घरातल्या प्रत्येक तारेला यंत्र लावून पाहिलं होतं आणि हा साधा धोका माझ्या डोक्यातही आला नव्हता, याची मला तेव्हा फार भीती वाटली.

मग रक्त तपासलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. रक्तदाब पाहिला. डोळे तपासले, तेव्हा चष्म्याचा नंबर थोडा बदललेला निघाला. बाकी सगळं जागच्या जागी. मला वाटलं, आता त्याही म्हणणार, मनाचे खेळ. त्या म्हणाल्या, "तुमचा त्रास खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. कशामुळे होतो, हे अजून कुणी शोधलेलंच नाही. तुम्ही एक नाव ठरवलंत आणि तिथे शोध थांबला."

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या डिसेंबरात या त्रासाबद्दल एक माहितीपत्रक काढलं होतं, त्यातला मजकूर त्यांनी मला समजावून सांगितला. त्याआधी २००४ साली प्रागमध्ये याच विषयावर तज्ज्ञांची बैठक झाली होती. 'विद्युतचुंबकीय अतिसंवेदनशीलता' हे नाव कारण आधीच ठरवून टाकतं, म्हणून 'विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे होतो असं मानला जाणारा, अज्ञात कारणाचा पर्यावरणीय असह्यपणा' अशा अर्थाचं लांबलचक नाव तिथे सुचवलं गेलं. माहितीपत्रकात म्हटलं आहे की लक्षणं खरी असतात आणि काहींचं जगणं अवघड करून टाकतात. ती या क्षेत्रांमुळे होतात असं दाखवणारा वैज्ञानिक आधार मात्र सापडलेला नाही. मग पाहायचं काय? घरातली आणि कामाच्या जागेची हवा, आवाज, लुकलुकणारे दिवे, डोळ्यांवर येणारी पडद्याची चमक, बसायची पद्धत, कामाचा ताण. मी ही यादी ऐकून नाराज झाले. एवढ्या मोठ्या दुखण्याला इतकी किरकोळ कारणं? मी त्यांच्यापुढे माझं हुकमी पान टाकलं: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना '२ब' गटात घातलं, म्हणजे कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं, त्याचं काय? त्या शांतपणे म्हणाल्या, "तो प्रश्न कर्करोगाचा आहे आणि तिथेही पुरावा मर्यादित आहे म्हणूनच तो गट. तुम्ही मला दुपारच्या डोकेदुखीबद्दल विचारायला आला आहात ना? आपण तिचंच बोलू."

त्यांनी तीन आठवडे काहीही न बदलता वही लिहायला सांगितली. दिवसातून चार ठरलेल्या वेळी लिहायचं: सकाळी नऊ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. कुठल्या खोलीत आहे, खिडकी उघडी की बंद, दिवा लागलेला आहे का, मोबाइल कुठे आहे, रात्री झोप किती झाली आणि शून्य ते दहामध्ये त्रास किती. दुखत नसलं तरी लिहायचं, यावर त्यांचा फार भर होता. "फक्त दुखलं तेव्हाच लिहिलंत तर ती वही दुखण्याचीच होईल. न दुखलेल्या वेळा मला जास्त हव्या आहेत."

पहिले चार दिवस मी ती वही राउटरविरुद्धची फिर्याद म्हणून लिहिली. पुढे मात्र काही नोंदी नीट बसेनात. एका रविवारी ताईशी गच्चीवर फिरत फोनवर तासभर बोलले होते. मोबाइल कानाला, टॉवर समोर, आणि चारच्या रकान्यात आकडा १. आणखी एक. राउटरचं वायफाय तर मी कधीच बंद केलं होतं, तरी कामाच्या खोलीत दुखत होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: शेजाऱ्यांचं वायफाय. पण मोबाइलवर पाहिलं तर पलंगाजवळही तीच अकरा नेटवर्कं दिसत होती, आणि तिथे डोकं उतरायचं. ढगाळ दिवशी आकडे जास्त होते. बाहेरच्या खोलीत बसून काम केलेल्या दोन दिवशी ते निम्म्यावर आले होते. मी दर वेळी नवं स्पष्टीकरण शोधत होते, आणि दर वेळी ते मला सापडत होतं, हे वहीतच दिसायला लागलं.

माझा मोठा भाऊ विजेची कामं करतो. इतके महिने मी त्याला यात ओढलं नव्हतं, तो हसेल या भीतीने. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याला बोलावलं. दादा हसला नाही. त्याने आधी माझ्याच यंत्राने मोजलं. टेबलापाशी ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास; चुंबकीय क्षेत्र याच एककात मोजतात. "घरात एवढं असतंच," तो म्हणाला. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी सर्वसामान्य लोकांकरता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. लाल दिवा कितीला लागावा हे यंत्र बनवणाऱ्याने त्याच्या मनाने ठरवलेलं होतं आणि मी त्या दिव्याला घाबरून वर्ष काढलं होतं. खिडकीच्या फॉइलबद्दल तो फक्त एवढंच बोलला की आतून मोबाइलला टॉवर नीट सापडेनासा झाला की मोबाइल उलट जास्त ताकदीने लहरी सोडतो.

मग तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं.

"ही पट्टी कधी लावलीस?"

छताला लावलेली एलईडीची लांब पट्टी. कामाची खोली तयार केली तेव्हाच लावली होती. दादाने टेबलावरची पिवळी पेन्सिल उचलली, टोकाला धरली आणि दिव्याखाली पंख्यासारखी जोरात इकडून तिकडे हलवली. एका पेन्सिलीच्या जागी सात-आठ पेन्सिली दिसल्या. सुट्या सुट्या, मधे काळ्या फटी, मोराचा पिसारा अर्धवट उघडावा तशा. मग तो मला हाताला धरून दारात घेऊन गेला आणि उन्हात तीच पेन्सिल तशीच हलवली. तिथे नुसता एक पिवळा धूसर पट्टा. सलग. परत आत आणलं. परत सात-आठ पेन्सिली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः हलवून पाहिली, कितीतरी वेळ. मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याच दिव्याखाली भिंतीवरून काळे पट्टे सरकताना दिसले.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावरून जाते. दिव्याच्या आत विजेचा पुरवठा सांभाळणारा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात; तो ही चढउतार सपाट करतो. ड्रायव्हर हलका असला तर ती तशीच प्रकाशात उतरते, आणि दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. आपल्याला तो स्थिर दिसतो. पण न दिसणारी ही थरथर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते आणि सगळ्यांना ती सारखी सोसत नाही. आर्नल्ड विल्किन्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कार्यालयातल्या जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटच्या जागी न लुकलुकणारी व्यवस्था बसवली. तिथल्या लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. वरच्या मजल्यांवर, जिथे नैसर्गिक उजेड जास्त, तिथे डोकेदुखी मुळातच कमी होती, असंही त्यांना आढळलं.

हे वाचताना मला माझी वही उघडावी लागली नाही. त्या खोलीत दुपारी चारला ऊन सरतं. चारला मी दिवा लावायची. फॉइल लावल्यापासून सकाळीच लावायला लागले होते. ढगाळ दिवशीही सकाळीच. आणि राउटर बंद केला त्या पहिल्या संध्याकाळी, खोलीतून निघताना, दिव्याचं बटणही मीच बंद केलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन आठवडे थांबायचं, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. दादाने चांगल्या ड्रायव्हरचा दिवा आणून लावला. त्याच्याखाली पेन्सिल हलवली तर पट्टा सलग दिसत होता. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चारच्या रकान्यातले सहा-सात उतरून चारवर आले. मी आनंदाने रडले, हे मोकळेपणाने लिहिते. पण चार म्हणजे शून्य नव्हे. गालांची चुरचुर तर तशीच होती.

पुढची पाळी हवेची. कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक छोटं यंत्र टेबलावर ठेवलं. बाहेरच्या हवेत तो दहा लाखात ४२० भागांच्या आसपास असतो. सकाळी दार लावून कामाला बसले तेव्हा आकडा ६५० होता, बाराला १,९००, चारला २,४००. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञांनी १८५८ मध्ये म्युनिकमध्ये हवेचा हा प्रश्न मांडला होता आणि बंद खोलीतली हवा चांगली राहायची तर हे प्रमाण १,००० च्या वर जाऊ नये असं म्हटलं होतं. कार्बन डायऑक्साइड स्वतः या पातळीवर विष नाही. हवा बदलत नाहीये, एवढी खूण तो देतो, आणि हवा बदलत नसली की खोलीत जे जे काही सुटतं ते सगळं साठत जातं. लहरी आत येऊ नयेत म्हणून मी टेपने बुजवलेल्या फटींनी हेच केलं होतं. मी फॉइल काढली. टेपचा चिकटपणा काचेवरून जायला दोन दिवस लागले. खिडकी चार बोटं उघडी ठेवून काम केलं की आकडा ८०० च्या पुढे जाईना, आणि दुपारची ती मंद, पेंगुळलेली अवस्था गेली.

राहता राहिलं कपाट. राउटर ज्याच्या फळीवर होता तेच. पार्टिकल बोर्डाचं, वरून गुळगुळीत पांढरं. खिडकी उघडी राहू लागल्यावर चुरचुर कमी झाली, पण सकाळी बंद खोलीत शिरताच पहिला अर्धा तास व्हायची. एका सकाळी मी त्याचा खालचा, कधीच न वापरलेला ड्रॉवर ओढला. आतून एक तिखट, औषधासारखा भपका आला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाकून पाहिलं तर मागच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, कडांना पट्टी लावलेलीच नव्हती. लाकडाचा दाबलेला भुसा उघडा दिसत होता. अशा बोर्डातल्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटत राहतो, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त. डोळे, नाक, घसा चुरचुरणं हा त्याचा नेहमीचा परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी त्याची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला दर घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम सांगितली आहे. आमच्या खोलीत तो किती होता हे आम्ही मोजलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे त्याच्याच माथी मारत नाही. कपाट गच्चीवरच्या खोलीत हलवलं आणि बारा दिवसांत चुरचुर थांबली, एवढं वहीत आहे.

टेबलाखालचा यूपीएसही बाहेर नेला, कारण हाताचा पंजा टेबलावर टेकवला की त्याची बारीक कंपनं जाणवायची. विक टँडी नावाच्या अभियंत्याने १९९८ साली एक अनुभव नोंदवला होता. कॉव्हेंट्रीच्या ज्या प्रयोगशाळेत त्यांना बसवत नव्हतं, दडपण यायचं, तिथे नव्या बसवलेल्या पंख्यामुळे १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला ऐकू न येणारा आवाज घुमत होता. पंख्याची मांडणी बदलल्यावर तो प्रकार थांबला. माझ्या बाबतीत यूपीएसने काही फरक पडला का? आकड्यांत तर दिसला नाही. तो बाहेरच राहिला.

या सगळ्याला साडेतीन महिने लागले. चारचा आकडा आता बहुतेक दिवशी एक किंवा शून्य असायचा. आणि तरीही मी राउटरचं वायफाय सुरू करायला तयार नव्हते. नवऱ्याने एकदा न सांगता सुरू केलं आणि मला नंतर कळलं, तर कळल्या क्षणी गाल तापले. आमचं त्यावरून भांडण झालं. मी ते डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "खरंच जाणून घ्यायचं असेल तरच एक चाचणी करू. तुमची इच्छा नसेल तर नको. तुम्ही आधीच खूप बऱ्या झाला आहात." मी आठ दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

चाचणी अशी. राउटरच्या सगळ्या दिव्यांवर काळी टेप. तो पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्टुलावर, माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर. माझा मोबाइल आणि संगणक बंद. मी आत यायच्या आधी नवऱ्याने नाणं उडवायचं, छापा आला तर चालू, काटा आला तर बंद, निकाल कागदावर लिहून पाकीट चिकटवायचं आणि घराबाहेर जायचं. माझ्याशी बोलायचं नाही, माझ्याकडे पाहायचंही नाही, कारण चेहऱ्यावरूनही कळतं. कुणी वापरत नसला तरी राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा संदेश सोडत असतो, त्यामुळे चालू म्हणजे खरोखर चालू. मी पाऊण तास पुस्तक वाचायचं आणि शेवटी लिहायचं: चालू की बंद, आणि त्रास किती. अशा वीस बैठका. त्याआधी दोन उघड बैठका घेतल्या, मला ठाऊक असताना, राउटर चालू ठेवून. दोन्ही वेळा पंधरा मिनिटांत गाल तापले आणि डाव्या कपाळाला पकड आली. म्हणजे चाचणी जिथे करायची तिथे त्रास होत होता, यात शंका नव्हती.

सातवी बैठक मला अजून जशीच्या तशी आठवते. बसल्यावर काही मिनिटांतच डोळ्यांमागे तो ओळखीचा दाब सुरू झाला. पुस्तकातल्या ओळी वरखाली व्हायला लागल्या. तळहातांना घाम आला. मी खोक्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आज तू आहेस. चालू, त्रास आठ, असं लिहून मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

वीस पाकिटं आम्ही डॉक्टरांसमोर फोडली. राउटर नऊ वेळा चालू होता, अकरा वेळा बंद. मी चौदा वेळा 'चालू' लिहिलं होतं, आणि त्यातल्या सात वेळा तो बंद होता. एकूण अकरा उत्तरं बरोबर. डोळे मिटून नाणं उडवत बसले असते तरी दहाच्या आसपास बरोबर आली असती. सातव्या पाकिटातल्या कागदावर नवऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं: बंद.

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं नाही. उघडं पाडल्यासारखं वाटलं. मग मी खोटं बोलत होते का? डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. "घाम खरा होता ना? दाब खरा होता ना? मग खोटं काय?" अपाय होणार ही खात्री शरीरात खरा त्रास उभा करते. त्याला नोसिबो परिणाम म्हणतात आणि तो कुणालाही होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४७ जणांपैकी काहींना वायफायच्या धोक्याबद्दलची चित्रफीत दाखवली आणि मग सगळ्यांना पंधरा मिनिटं खोट्या वायफाय संकेतासमोर बसवलं. निम्म्याहून जास्त जणांनी त्रास झाल्याचं सांगितलं. संकेत मुळात नव्हताच. माझ्यासारख्या लोकांवर झालेल्या दुहेरी-अंध प्रयोगांचा, म्हणजे लहरी चालू की बंद हे बसणाऱ्याला आणि प्रयोग करणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नसतं अशा प्रयोगांचा, आढावा रुबिन नावाचे संशोधक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घेतला, तेव्हा असे ४६ प्रयोग आणि १,१७५ माणसं मोजली गेली. लहरी असल्याचं ओळखता येतं किंवा त्यांच्यामुळेच लक्षणं वाढतात, असा भक्कम पुरावा त्यातून निघाला नाही. खोट्या लहरींसमोरही लक्षणं उमटत होती. ही माहिती मला वर्षापूर्वी कुणी तोंडावर फेकली असती तर मी त्या माणसाशी बोलणं सोडलं असतं. दिवा, हवा आणि कपाट यांच्यानंतर ती ऐकली म्हणून ऐकता आली.

माझं शरीर जे शिकलं होतं तेही आता मला कळतं. लुकलुकणारा दिवा, कोंडलेली हवा, कपाटाचा वास आणि राउटर, सगळं एकाच महिन्यात त्या खोलीत आलं होतं. यातलं डोळ्यांना दिसणारं, सतत मिचमिचणारं असं एकच होतं. शरीराने दुखण्याची गाठ त्याच्याशी मारली. ती सुटायला दिवा बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. रोज थोडा थोडा वेळ राउटर चालू ठेवून बसायचं, आधी पाच मिनिटं, मग पंधरा. मच्छरदाणी मी सगळ्यात शेवटी काढली.

आज राउटर त्याच भिंतीशी आहे. काही संध्याकाळी अजूनही कपाळाला पकड येते, विशेषतः झोप कमी झाली असेल तर, आणि हात आपोआप त्याच्या बटणाकडे जातो. मी तो मागे घेते आणि आधी टेबलावरचा आकडा बघते. बहुतेक वेळा खिडकी लावलेली असते.

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. तिच्या घरासमोर टॉवर उभा राहिला आहे, तेव्हापासून डोकं धरतं, झोप नाही, घरचे ऐकून घेत नाहीत. बोलता बोलता ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. टॉवरबद्दल मी बरं-वाईट काहीच बोलले नाही. तिचं बोलून झाल्यावर विचारलं, "घरात गॅसवर चालणारं काही आहे का गं?" तिने आहे म्हटलं. ते आजच तपासून घे, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि मग म्हटलं, "आता एक पेन्सिल घे, आणि तू बसतेस त्या खोलीतला दिवा लाव."